जिनं गाव मधोमध दुमडलं

आमच्या पोराला न्हाऊ घालायला येनाऱ्या मावशीनं आख्खं गाव मधोमध दुमडून बघितलंय, आनि तिच्या म्हनन्यापरमानं त्यातलं एकबी मानूस जुळत न्हाई. दुमडायची म्हंजी कशी, तर मानूस समोर आला की ती हात लांब करून तेलाचा अंगठा त्याच्या नाकापुढं हुबा धरायची, एक डोळा मिटायची, आनि अंगठ्याच्या हिकडचं अर्धं तोंड तिकडच्या अर्ध्यावर मनातल्या मनात पालथं घालायची. मग तोंडानं 'च्च' करायची. सरपंचाची डावी मिशी उजवीपेक्षा बोटभर लांब, पाटलाच्या नव्या दाराचं एक फळकूट दुसऱ्यापेक्षा रुंद, किराणावाल्याचा तराजू सोडा, किराणावालाच एका अंगाला कललेला, हे सगळं ती ज्याचं त्याला तोंडावर सांगायची आनि वर त्याच्याच घरी च्या प्यायची. सरपंच तर तिला लांबून बघितलं की मिशीवर हात ठेवूनच चालायचा. मी नवी सून, मला कुनाच्या तोंडाकडं बघायची चोरी, आनि ही बाई गावातल्या बाप्यांची तोंडं दुमडती, म्हनून पैल्यांदा तिला बघितलं तवा मी पदर डोळ्यापातूर वढला. तसं मला भ्यायला लई काय लागत न्हाई. हे लिहितेय ते पोर झोपलंय तवर, मधीच उठलं तर हात थांबंल, म्हनून घाईघाईनं सांगते, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझी आई मी ल्हान असतानाच गेली, म्हनून माझं पैलं बाळंतपन माहेरी न होता सासरीच झालं, पाथर्डीच्या ह्या कोरड्या अंगाला. मार्गशीर्ष हुता. मालक ऊसतोडीला गेल्ते, घरात मी आनि सासूबाई. पाचव्या दिवशी मावशी आली. नात्याची कुनी न्हवं, पन गावातली सगळी तान्ही तिच्या पायावरून न्हाऊन गेली म्हनून सगळ्यांची मावशी. आली ती पोराकडं बघायच्या आधी माझ्याकडंच अंगठा धरून म्हनली, ही पोर भ्यालेली हाय, हिचा उजवा खांदा कानाला लागलाय. मग पाय लांब करून बसली, पोराला नडग्यांवर आडवं केलं, आनि कपाळापासनं नाकावरनं हनुवटीवरनं बेंबीपातूर अंगठ्यानं तेलाची एक सरळ रेघ वढली. "ही घडी," म्हनली. "देवानं मानूस हितं दुमडून कापलाय, टोपडं बेततात तसा." मग पोराचा उजवा कोपरा डाव्या गुडघ्याला लावला, डावा कोपरा उजव्या गुडघ्याला लावला, दोनी टेकले, तवा कुठं तिनं श्वास सोडला. मीबी सोडला. जाताना मातर म्हनली, बाकी सगळं जुळतंय, डावा कान इवलासा मोठा हाय. झालं. मावशी गेली आनि मी शिवनाचा दोरा घेऊन पोराचे कान मोजत बसले, आठ दिवस मोजत हुते, एक दिवस डावा मोठा यायचा, एक दिवस उजवा, आनि एक दिवस तर दोनी काल परवापेक्षा ल्हान आले तवा सासूबाईंनी माझ्या हातातनं दोरा काढून घेतला.

सासूबाईंचं आनि मावशीचं तीटेवरनं रोज वाजायचं. सासूबाई न्हानं झालं की पोराच्या डाव्या गालाला काजळाची तीट लावायच्या, दृष्ट लागू नये म्हनून. मावशीला ते बघवायचं न्हाई, ती लगेच उजव्या गालाला दुसरी लावायची. सासूबाई म्हनायच्या, अगं तीट चेहरा बिघडवायलाच असती, दोनी गालाला लावलीस तर पोर आनखी देखनं दिसतंय, मग दृष्ट लागंल न्हाई तर काय. मावशी म्हनायची, दृष्टबी दोनीकडनं येती. शेवटी दोघींच्या भांडनात पोराच्या तोंडावर चार-पाच तीटा व्हायच्या आनि ते तमाशातल्या सोंगाड्यावानी दिसायचं, आनि दृष्ट लावायला कुनी जवळ यायचं न्हाई, हसून परत जायचं, म्हंजी तसं कामच झालं.

भाकर खायच्या आधी ती दुमडायची. कड कडेला लागली तर खायची, न्हाई लागली तर फिरवून दुसरीकडनं दुमडायची. सासूबाईंची भाकर कुठूनबी दुमडा, जुळायची, त्या बाबतीत मावशी त्यांच्या पाया पडायला तयार हुती. माझी भाकर बारा ठिकानी दुमडून बघितली तरी कुठं न कुठं जीभ बाहेर काढायचीच. मग मावशी ती वर उजेडात धरून सासूबाईंना म्हनायची, "आक्का, हिच्यात आपला तालुका दिसतोय बघ." देवाचीबी तिनं गय केली न्हाई. आमच्या वेशीतला मारुती एका अंगाला तोंड फिरवून हुबा हाय, एकच डोळा दिसतो. मावशी त्याला हात जोडायची न्हाई, एकच हात कपाळाला लावायची. म्हनायची, अर्ध्या तोंडाला अर्धा नमस्कार, ज्या दिवशी सरळ बघंल त्या दिवशी दोनी हात जोडीन. महादेवाच्या पिंडीवर तिचा जीव हुता, कारन पिंडी पन्हाळीच्या मधनं दुमडली तर जुळती, एकच घडी पन इमानदार. आनि आमच्या शाळेचे गुरुजी, कर्जतकडचे, वयानं कवळे, डोस्क्याच्या डाव्या अंगाला भांग पाडून त्यावर तेलाचा कोंबडा काढायचे, त्यांना तर ती रस्त्यात थांबवून इचारायची की देवानं नाकाची दांडी दिलीय, तिच्या वरच डोस्क्याचा मध हाय, तो तुमाला का सापडत न्हाई. गुरुजी पाथर्डीची यस्टी पकडायच्या निमतानं पळायचे, यस्टी नसली तरी.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यापायी मी हे लिहायला बसले. आमच्याकडं ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधती, दोघं मिळून एक. एकला गडी गेला तर तो अर्धा कोयता. लगीन झालं त्या साली मी गेल्ते, आख्खा कोयता म्हनून. तितं थंडीत आमच्या शेजारच्या कोपीतल्या, म्हंजी पाचटाच्या खोपटातल्या, बाईचं तान्हं गाडीखाली झोळीत असायचं आनि ती फडात, झोळी हालायची थांबली की ती लांबनं हाक मारायची. एक दिवस तिनं हाक मारली, झोळी हालली न्हाई. पुढचं सांगत न्हाई. तवापासनं माझा उजवा खांदा कानाला लागलाय, ते मावशीनं बरोबर बघितलं हुतं. मालक दिवाळीनंतर जाताना मला बोलले हुते, औंदा मी अर्धा जातो, पुढल्या साली तिघं जाऊ, मुकादमाला तसं सांगून ठेवलंय. सासूबाई म्हनल्या, मी माझी चार तशीच गाडीखाली वाढवली. त्या चारांतली दोन हायेत, हे त्या म्हनत न्हाईत, आनि मीबी इचारत न्हाई.

तेवढ्यात ग्रामसेवकानं सांगितलं की जून महिन्यात गावात बालवाडी निघनार, बाई गावातलीच पायजे, पन सातवी पास पायजे. मी सहावीतनं निघालेली. बाहेरनं सातवीला बसता येतं, परीक्षा उन्हाळ्यात पाथर्डीला. बालवाडी मिळाली तर मी गावात राहनार, मी राह्यले तर पोर राहनार. न्हाई मिळाली तर झोळी. एवढंच हुतं माझ्यापुढं, दुसरं काय न्हाई. मी पदर तोंडाला लावून गुरुजींकडं गेले आनि सातवीची पुस्तकं मागून आनली. मराठी यायची, हिशेब यायचे, इतिहास पाठ केला. पन नव्या पुस्तकात एक धडा हुता, सममिती अक्षांचा. आकृत्या काढलेल्या, त्यांच्या मधनं तुटक तुटक रेघा, आनि खाली इचारलेलं, हिला किती सममिती अक्ष हायेत. मला वाटलं अक्ष म्हंजी काय तरी गाडीचा आख असंल. गुरुजींना इचारलं तर ते घाईत हुते, म्हनले, ज्या रेघेनं आकृतीचे दोन सारखे भाग होतात तो अक्ष, चौरसाला चार, आयतालाही चार, उभा, आडवा आणि दोन कर्ण, पाठ करा. मी पाठ केलं. पोराला मांडीवर हालवत हालवत म्हनायची, चौरसाला चार, आयताला चार, अंगाई म्हनावी तसं, पोर त्यावर झोपायलाबी लागलं.

एक दिवस सकाळी मावशी पोराला चोळत हुती आनि मी चुलीम्होरं पानी काढता काढता तेच म्हनत हुते. मावशीचा हात थांबला. आयत म्हंजी काय ते तिनं इचारलं. मी पुस्तक दाखवलं, हे बघा, लांबोडका चौकोन, समोरासमोरच्या बाजू सारख्या. आनि ही तुटक रेघ काय? मी म्हनलं, हितं दुमडला की दोनी अर्धे एकमेकांवर बसतात, त्याला अक्ष म्हनतात. एवढं मी पुस्तकातनंच बोलले, पन बोलता बोलता मलाच कळलं की ही तर तिचीच घडी. मावशी तर अशी बघाय लागली जशी कुनी तिच्या घरातली चोरी छापून आनलीय. म्हनली, सरकारला ह्ये कुनी सांगितलं? मग म्हनली, कोपऱ्यातनं कोपऱ्यात आयत दुमडतो असं कोन म्हनतं? मी म्हनलं गुरुजी. "त्या बिनमधाच्या मानसाचं आयकू नको," म्हनली, आनि वळनीवरचा पोराचा लंगोट हिसकून घेतला.

आता लंगोटाचं तुमाला सांगायला पायजे. लंगोट करायचा तर जुन्या लुगड्याचं फडकं कोपऱ्यातनं कोपऱ्यावर दुमडून त्रिकोनी करतात. मी हात येईल तशी फाडलेली, सगळी लांबोडकी. त्यातलं एक मावशीनं जमिनीवर पसरलं आनि कोपऱ्यातनं कोपऱ्यात रेघ धरून दुमडलं. वरचं टोक खालच्या टोकावर बसलंच न्हाई, एक कान हिकडं बाहेर, एक कान तिकडं बाहेर, सशावानी. "बघ," म्हनली, "भाग सारखे हायेत, पन बसत न्हाईत. अक्ष म्हनायचा तर बसला पायजे. आनि म्हनूनच तुझं पोर चार महिने झाले डाव्या अंगानं मुततंय." हे खरं हुतं. आमच्या पोराला कुनीबी घेतलं की त्याची डावी बाजूच भिजायची, सासूबाईंचं डाव्या अंगाचं सगळं लुगडं इटलं हुतं. मावशी म्हनली, लंगोट चौरस फाड, मग कोपरा कोपऱ्यावर बसंल, आनि पोर मधोमध मुतंल. मी ते फडकं हुभं दुमडलं, बसलं. आडवं दुमडलं, बसलं. कोपऱ्यातनं दोनी बाजूंनी दुमडलं, न्हाई बसलं. आयताला दोन. माझ्या हातातनं ते डोस्क्यात गेलं, पाठ न करता, आनि तिथनं ते निघालंच न्हाई.

मग रोज न्हानं झाल्यावर मावशीची शाळा. आमी फडक्यांचे आकार कापायला लागलो. पुस्तकातनं मी रेघा वाचायची, मावशी कातर चालवायची. तिनी बाजू सारख्या असलेल्या त्रिकोनाला तीन घड्या, दोनच सारख्या असल्या तर एक, एकबी सारखी नसली तर मावशी म्हनायची, हा आपला किराणावाला. वर्तुळाला मोजायच्याच न्हाईत, मधनं जाईल ती घडी, ही आक्काची भाकर. चारी बाजू सारख्या पन तिरपा तो समभुज चौकोन, त्याला दोन, आनि दोनी कोपऱ्यातनं, तवा मावशी लई खूश झाली, म्हनली, कोपऱ्याचा मानबी कुठं तरी राखलाय. सगळे आकार पोराच्या लंगोटांबरूबर वळनीवर लटकायचे, कारन अभ्यासातलं फडकं कुठलं आनि पोरानं भिजवलेलं कुठलं हे काय येगळं राहायचं न्हाई. शेजारीन कुडावरनं बघून गेली आनि दुपारपातूर गावात झालं की आमच्या घरात कुनी तरी करनी करतंय, वळनीला त्रिकोन टांगलेत. सासूबाईंनी ते आयकलं. संध्याकाळी त्यांनी पेटीतनं आपलं एक धड लुगडं काढलं, मधोमध फाडलं, माझ्या म्होरं टाकलं, आनि म्हनल्या, "जुनेऱ्यावर नीट रेघ उमटत न्हाई. हे घे."

परीक्षेला पंधरा दिवस राह्यले तवा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर समांतरभुज चौकोन आला. म्हंजी कलंडलेला आयत. आमची बाज ढिली झाली की एका अंगाला कलती, तिचे चार कोपरे जसे व्हतात तसा. मावशीनं तो कापला, हुभा दुमडला, न्हाई बसला. आडवा, न्हाई. एका कोपऱ्यातनं, दुसऱ्या कोपऱ्यातनं, न्हाई. तिला वाटलं कापायला चुकलं, दुसरा कापला. तोबी तसाच. तीन दिवस तिचं कशात ध्यान न्हवतं, पोराच्या एकाच पायाला तेल लावून उठली, पाटलाच्या सुनेच्या पोरीला साबन न लावता टोपडं घातलं. मी गुरुजींना जाऊन इचारलं. ते म्हनले, दोन अक्ष, दोन कर्ण, सोपं आहे. मी भीत भीत म्हनलं, पन बसत न्हाई, गुरुजी. तर म्हनले, "बाई, परीक्षेत कापड दुमडायचं नसतं, उत्तर लिहायचं असतं." आता कुनाचं धरायचं? हिकडं शाळा शिकलेला मानूस म्हनतो दोन, तिकडं अंगठा उठवनारी बाई म्हनती एकबी न्हाई, आनि मधी झोळी.

चौथ्या दिवशी मावशी आली ती शांत. फडक्याचा तो कललेला आकार तिनं कोपऱ्यातनं कोपऱ्यापातूर कापून दोन तुकडे करून आनले हुते. एकावर एक पालथा घातला, न्हाई बसला. मग तो पालथा न करता जमिनीवरच नुसता फिरवला, अर्धा फेरा, आनि तो दुसऱ्यावर असा बसला की दोरा बाहेर न्हाई. म्हनली, "वाकडं न्हाई हे. दोनी अर्धे तोलाचे हायेत. फकस्त दुमडून जुळत न्हाईत, फिरून आले तर जुळतात." मग पोराच्या टाळूवर तेल जिरवत, माझ्याकडं न बघता, तिनं सांगितलं की ती आनि तिचा नवरा असेच हुते. तोबी वाईट न्हवता, तीबी न्हवती. पन दुमडायला गेलं की त्याचा कान हिकडं बाहेर, तिचा तिकडं. तो लांब धरनाच्या कामावर गेला. "फिरून आला असता तर बसलो असतो," म्हनली, "आला न्हाई. तू लिही, घडी न्हाई म्हनून."

परीक्षेच्या दिवशी आमी तिघं पैल्या यस्टीनं पाथर्डीला गेलो, मी, पोर आनि मावशी, कारन पोर अंगावर पिनारं. मावशीनं यस्टीत ड्रायव्हरच्या आरशाम्होरं अंगठा धरून कंडक्टरला दुमडलं. शाळेच्या आवारात लिंबाखाली ती पोराला घेऊन बसली. मी घंटेच्या आधी पोराला पाजलं, लंगोट बदलला, आनि घाईत वल्ला लंगोट पिशवीत टाकायचा तो कमरेला खोचून वर्गात गेले. आजूबाजूला सगळी शाळेतली पोरं, मी एकलीच लुगड्यातली. गनिताचा पेपर हातात आला आनि मी आधी शेवटाकडं बघितलं, भ्यालेलं मानूस आधी शेवटच बघतं. तर तोच. समांतरभुज चौकोन काढलेला, आनि लिहिलेलं, खालील आकृतीचे सर्व सममिती अक्ष काढा.

काढा म्हनलंय. न्हाई काढले तर कोरं राहनार. कोरं राह्यलं की तपासनारा म्हननार, ह्या बाईला आलं न्हाई. शेजारचा पोरगा फटाफटा दोन कर्ण वढून पुढं गेला. माझा हात पट्टीवर गेला, पट्टी कर्णावर ठेवली, पेन्सिल टेकवली. तितक्यात बाहेर पोर रडलं, माझ्याच पोराचं रडनं, हजारात वळखू येतं, आनि माझी चोळी भिजली, आनि मला काय सुचंना म्हनून मी कमरेचा लंगोट वढून हाताचा घाम पुसाय लागले, आनि हातात फडकं आल्यावर बोटं आपोआप ते कलतं करून दुमडायलाच लागली. वर्गावरचे सर माझ्या म्होरं येऊन हुबे. त्यांना वाटलं फडक्यावर काय तरी लिहून आनलंय. "द्या ते हिकडं," म्हनले, आनि लंगोट उचलून उजेडाकडं धरला, दोनी हातांनी तानून. मग त्यांच्या तोंडाचं जे झालं ते मावशीनं बघायला पायजे हुतं, एक अर्धं हिकडं गेलं, एक तिकडं. मला इचारलं, हे काय आहे. मी म्हनलं, लंगोट हाय, सर, वल्ला हाय. त्यांनी तो दोन बोटांनी माझ्या बाकावर परत ठेवला आनि तास संपेपातूर माझ्या रांगेत फिरकलेच न्हाईत. मी पट्टी बाजूला ठेवली. आकृतीवर एकबी रेघ वढली न्हाई. खाली लिहिलं, ह्याला अक्ष न्हाई. दुमडून बसत न्हाई. फिरवलं तर बसतं. मला असंच येतं लिहायला, तसंच लिहिलं.

बाहेर आले तर मावशीची डावी बाजू नखशिखांत भिजलेली. मी बघितलं आनि गप बसले. कारन मी लंगोट चौरस फाडायला लागले हुते, कोपरा कोपऱ्यावर बसत हुता, दोरा बाहेर न्हाई, तरी पोर डाव्या अंगानंच मुतत हुतं. मावशीनं मला आधी दोनदा इचारलं हुतं, आता मधोमध व्हतंय का गं, आनि मी दोनदा म्हनलं हुतं, व्हय मावशी, मधोमध. तिचं तोंड इतकं उजळलं हुतं की खरं सांगवलं न्हाई. त्या दिवशी ती पदर पिळत म्हनली, पोरानं न्हवं, कुनी तरी कळशी उडवली.

मी पास झाले. काठावर झाले, पन काठाच्या ह्या अंगाला. त्या एका उत्तरानं का दुसऱ्या कशानं, ते कुनी सांगितलं न्हाई. गुरुजींनी मातर निकालानंतर माझ्याकडून पेपर मागून घेतला, वहीचं पान फाडून कलता चौकोन कापला, आमच्याच वट्यावर बसून दुमडला, परत दुमडला, आनि तो तुकडा खिशात घालून उठले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले ते भांग मधोमध पाडून. तो त्यांना अजिबात शोभत न्हाई, पन आता सांगनार कोन.

बालवाडी मला मिळाली. दिवाळी झाली आनि मुकादमाचा ट्रक वेशीत हुबा राह्यला. मालक भांडले न्हाईत माझ्याशी, पन आठ दिवस जेवताना भाकरीकडंच बघत हुते. मुकादमानं त्यांना परत अर्धा कोयता धरला, एका बायको मेलेल्या चुलत्याबरूबर. ट्रकमधी सगळ्या जोड्या बसलेल्या, मालकांच्या शेजारची जागा रिकामी, तितं कोयत्याचं गाठोडं ठेवलेलं. मी पोराला काखंत घेऊन वेशीत हुबी, मावशी शेजारी. मला वाटलं मी ह्या मानसाला अर्धा करून पाठवतेय. मावशीनं अंगठा उचलला न्हाई. नुसतं म्हनली, "दुमडत बसू नको, पोरी. फिरून येऊ दे." फाल्गुनात मालक फिरून आले, वाळलेले, पोराला पिपानी घेऊन. पोरानं त्यांची डावी बाजू भिजवली आनि ते हसले, तवा माझा खांदा कानापासनं खाली आला. थोडा.

औंदा पाऊसच न्हाई. हिरी आटल्या, टँकर कवा येतो कवा न्हाई, प्यायला मिळंना तितं पोराला न्हाऊ कोन घालतंय. बाया पोरं घेऊन खडीच्या कामावर जायला लागल्या. सहा महिने मावशीला कुनी बोलवलं न्हाई. ती तरी सकाळी तेलाची वाटी घेऊन एक फेरी मारायची, कुनाच्या वट्यावर बसून रांगत्या पोराला नुसतंच कोरड्या हातानं चोळायची. मग एक दिवस म्हनली, बहीन तिकडं अकोले तालुक्यात डोंगरात दिलीय, तितं भात पिकतो, तितं पानी हाय, तितली पोरं न्हात असतील. तिचं गाठोडं एवढंसं. मी आनि पोर तिला पाथर्डीच्या स्टँडवर सोडायला गेलो. पैल्यांदाच मी तिच्याकडं नीट बघितलं, तिनं जगाकडं बघितलं तसं, एक डोळा मिटून. जन्मभर एकाच कमरेवर पान्याचा हंडा नेलेला, डावा खांदा चांगला चार बोटं खाली. ती कुठूनच जुळत न्हवती. मी 'च्च' केलं न्हाई.

नगरची गाडी लागायला उशीर हुता. बाकड्यावर बसून तिनं पोराला मांडीवर घेतलं, आता ते चालतंय, बोलतंय, लंगोटबी न्हाई, तरी तिनं कपाळापासनं बेंबीपातूर कोरड्या अंगठ्यानं रेघ वढली, उजवा कोपरा डाव्या गुडघ्याला लावला, डावा उजव्याला. पोराला गुदगुल्या झाल्या, ते खिदळलं, आनि खिदळता खिदळता त्यानं तिच्या मांडीवर मुतलं. मी धावले पदर घेऊन. लुगडं डावीकडं गुडघ्यापातूर काळं झालेलं, उजवीकडं थेंब न्हाई. मावशीनं खाली बघितलं, बराच वेळ बघितलं, सरपंचाची मिशी न सोडनारी ती बाई. मग माझ्याकडं बघितलं.

"मधोमध हाय, पोरी," म्हनली. "अगदी मधोमध."